फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट कशी वापरावी

दात किडू नयेत असे वाटत असेल, तर फ्लोराइड असलेलीच टूथपेस्ट निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. खाल्लेल्या साखरेपासून तोंडातील जिवाणू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळे दाताच्या कठीण आवरणातील खनिजे हळूहळू निघून जातात. फ्लोराइड लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट पुन्हा दातावर बसण्यास मदत करते आणि असा थर पुढच्या आम्लाला सहजासहजी दाद देत नाही.

ट्यूबच्या मागील बारीक अक्षरांत फ्लोराइडचे प्रमाण पाहावे; मोठ्यांसाठी ते १००० ते १५०० पीपीएम (म्हणजे पेस्टच्या दहा लाख भागांत फ्लोराइडचे इतके भाग) असावे. ३ वर्षांखालील मुलांच्या ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी, तर ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याएवढीच पेस्ट मोठ्यांनी लावून द्यावी, कारण लहान मुले ती गिळतात आणि फ्लोराइड जास्त पोटात गेल्यास पुढे येणाऱ्या दातांवर पांढुरके डाग उमटू शकतात.

दिवसातून दोनदा, २-२ मिनिटे दात घासावेत. रात्रीचे घासणे तर मुळीच चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते. शेवटी फेस थुंकून टाकावा, पण लगेच खळखळून चूळ भरू नये. दातांवर राहिलेला तो पातळ लेपच खरे काम करत असतो, आणि नेमकी चूळ भरण्याची सवय मोडणे बहुतेकांना जड जाते. पिण्याच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असेल, तर मुलांच्या पेस्टबाबत दंतवैद्यांचा सल्ला घ्यावा.