आधी मंडई, मग वही

‘पावसाळ्यावर दहा ओळी लिही’ म्हटलं की मूल पेन चावत बसतं. त्यापेक्षा रविवारी सकाळी त्याला महात्मा फुले मंडईत न्या आणि तीनच गोष्टी टिपायला सांगा: एक आवाज, एक वास, एक माणूस. माझ्या लेकीने घरी येऊन लिहिलं, ‘पाणी मारलं की कोथिंबीर जागी होते.’ वेलांटी चुकली होती, पण मी लाल पेन उचललं नाही. शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी, वेगळं बघावं. हात दुखला तर मुलाने सांगावं, तुम्ही त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. आपले ‘सुंदर’ शब्द मध्ये घालू नका. आणि नुसतं ‘छान’ म्हणून मोकळं होण्यापेक्षा विचारा, ‘मग ती भाजीवाली काय म्हणाली?’