सिंथेटिक जेट घरी कसा करावा: आवाजाला भुलू नका, दोरा बघा

गोल पाइपवरून वारा वाहिला की तो मागपर्यंत चिकटून राहत नाही. पंख्याच्या वेगाला, समोरून मोजलं तर साधारण ८० अंशांवर तो पृष्ठभाग सोडतो आणि मागे भोवरे माजतात. सिंथेटिक जेट हा हवेचा झोत त्या वाऱ्याला पृष्ठभागाशी जरा पुढपर्यंत धरून ठेवतो, तेही कॉम्प्रेसरशिवाय. बंद डब्याला लावलेल्या स्पीकरचा पडदा हलतो, डब्याच्या फटीतून हवा बाहेर जाते आणि तेवढीच परत आत येते. मग जेट कसला? फुंकर मारून मेणबत्ती विझते, श्वास आत ओढून विझत नाही, तसंच हे. बाहेर पडणारी हवा कडांशी भोवऱ्यांची जोडी करून सरळ निघून जाते. आत येणारी चहूबाजूंनी गोळा होते. बार्टन स्मिथ आणि आरी ग्लेझर या संशोधकांनी १९९८मध्ये अशा जेटवर जो शोधनिबंध छापला, त्याचा दाखला आजही दिला जातो.

सामान: ११० मिमीचा फूटभर पीव्हीसी पाइप, एंड कॅप, चार इंची स्पीकर, छोटा अॅम्प्लिफायर, मोबाइलवर टोन जनरेटर (हव्या त्या वारंवारतेचा सूर काढणारं अॅप), टेबल फॅन. फॅनपुढे स्ट्रॉचा गठ्ठा वाऱ्याच्या दिशेत आडवा बांधा, नाहीतर वारा गरगरतच येईल.

पाइपच्या लांबीत ग्राइंडरच्या १ मिमी चकतीने ६० मिमीची फट पाडा. वितळलेलं प्लास्टिक ब्लेडने खरवडा, कडा धारदार हव्यात. एका टोकाला कॅप, दुसऱ्याला प्लायवूडच्या कडीवर स्पीकर, तोंड आत करून.

आता जिथे मी दोन आठवडे घालवले ती गोष्ट. फटीसमोर टिश्यूची पट्टी धरली, ती थरथरली, आणि मी खूश. वारंवारता वाढवत ८०० हर्ट्झवर नेली. शेजारी दार वाजवायला आले, पण वाऱ्यावर तिळमात्र परिणाम नाही. तोंडाशी थरथरणं म्हणजे जेट नव्हे. वारंवारता वाढली की एकेक फुंकर आखूड होते, आणि फटीच्या रुंदीच्या मानाने ती फारच आखूड पडली तर भोवरा दूर जायच्या आत पुढचा श्वास त्याला गिळतो. हवा तिथल्या तिथे आत-बाहेर करते. 'जितकी फ्रिक्वेन्सी जास्त तितका जेट जोरदार' असं सांगणाऱ्याने उदबत्ती कधी लावून पाहिलेली नसते.

दुसरं पाप माझंच: स्पीकरच्या स्क्रूंमधून हवा गळत होती. फटीवर सेलोटेप लावा आणि स्पीकरचा पडदा बोटांनी हलकेच दाबून सोडा. तो सावकाश वर आला तर ठीक; टुणकन आला तर कुठेतरी गळती आहे, एम-सील घ्या. ही परीक्षा झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग टेप काढून, आवाज बेताचा ठेवून, ४० हर्ट्झपासून पाच-पाचने चढा. उदबत्ती फटीपासून दहा सेंटीमीटरवर धरा, जवळ नाही. धूर सरळ रेषेत ढकलला जाईल ती तुमची वारंवारता. पाइपचा डबा आणि फट मिळून होणारा अनुनाद, म्हणजे हवा सर्वांत जोरात हलते ती वारंवारता, या मापांना १००च्या आसपास येतो. स्पीकरच्या कॉइलचा जळका वास आला तर लगेच बंद करा.

पाइप आडवा ठेवा, फट वरच्या अंगाला. शिवणाच्या दोऱ्याचा पीळ उकलून एक धागा फटीमागे चार सेंटीमीटरवर चिकटवा. फॅन मंद, वाऱ्याचा वेग सेकंदाला दोनेक मीटर. फट समोरून ६० अंशांवर आणा आणि पाइप पाच-पाच अंश फिरवत प्रत्येक ठिकाणी स्पीकर बंद-चालू करून बघा. बंद असताना धागा लोळतो, उलटा फिरतो. एका कोनावर स्पीकर लावताच तो मागे सरळ होऊन पाइपला चिकटतो. पाइपवर तिथे पेनाने खूण करा. माझी खूण ७० अंशांवर होती.

वेग भागिले व्यास असा हिशोब केला तर प्रवाहाला स्वतःला भावणारी वारंवारता १८ हर्ट्झच्या घरात येते. एवढ्या खाली हा स्पीकर नीट हलत नाही. त्यामुळे १००चाच सूर ठेवून तो सेकंदाला १८ वेळा बंद-चालू करा, आणि त्याच खुणेवर धागा पुन्हा बघा.