लहान मुलांना रक्त चढवताना या चुका टाळा

"थंडी वाजत असेल." नव्या सिस्टरांच्या आणि इंटर्नच्या तोंडून हे मी फार वेळा ऐकलंय. पुण्यातल्या डिसेंबरात ते खरंही वाटतं. पण रक्त चालू असताना मूल कुडकुडलं की आधी रिअ‍ॅक्शनच, म्हणजे चढवलेलं रक्त अंगाला मानवत नाही असंच धरायचं, हवेचा विचार नंतर.

आमच्या वॉर्डात पाच वर्षांच्या एका मुलाला पिशवी लावली आणि थोड्याच वेळात हुडहुडी भरली. सिस्टरने पंखा बंद केला, ब्लँकेट घातलं, पॅरासिटॅमॉल पाजलं. रक्त चालूच. मी पोचले तेव्हा आजी त्याचे तळपाय चोळत होत्या. ब्लँकेट बाजूला केलं, तर नाडी पळत होती आणि पोर कंबर धरून रडत होतं. रक्त बंद करून पिशवीवरचं लेबल वाचलं. आडनाव दुसरंच! वॉर्डात त्याच नावाची दोन मुलं होती. "हा अमुकच ना?" असं विचारल्यावर आजी "हो" म्हणाल्या, त्यात त्यांची काय चूक? लघवी लाल झाली, आयसीयूत हलवावं लागलं. मूल वाचलं, पण त्या रात्री त्या माऊलीने काय सोसलं ते मी पाहिलंय.

तेव्हा उत्तर आपणच सांगून प्रश्न विचारू नका. "बाळाचं पूर्ण नाव सांगा" म्हणा. मग मनगटावरच्या पट्टीचा नंबर, पिशवीचा नंबर, रक्तगट आणि एक्सपायरी दोन सिस्टरांनी मिळून मोठ्याने वाचा, तेही कॉटपाशी. टेबलावर बसून केलेलं चेकिंग मी चेकिंग मानत नाही. गर्दीचं कारण मला सांगू नका.

पहिली १५ मिनिटं रक्त हळू सोडायचं आणि मुलाजवळून हलायचं नाही. मी स्टूल ओढून बसते. ताप, नाडी, श्वास, बीपी आधी घ्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा. तान्हं बाळ कंबर दुखते म्हणून सांगणार नाही; ते किरकिरेल, दूध सोडेल किंवा एकदम गप्प पडेल. डायपर उघडून लघवीचा रंग बघा.

शंका आली की आधी नळीचा क्लॅम्प (चाप) बंद, मग डॉक्टरांना हाक. उलटं नको. जुन्या नळीतलं रक्त सलाईनने आत ढकलू नका. नवा सेट लावून शीर चालू ठेवा. पिशवी सेटसकट, मुलाच्या रक्ताच्या ताज्या नमुन्यांबरोबर रक्तपेढीत परत पाठवा. कचऱ्यात टाकलीत तर तपासणार काय? नुसतं पित्त उठलं असेल, तर औषध देऊन तीच पिशवी हळू सुरू करता येते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

नातेवाईक ट्रॅफिकमधून पिशवी घेऊन येतात आणि "फार गार आहे हो" म्हणतात. गरम पाण्यात बुडवू नका, पेशी फुटतात. रक्तपेढीतून निघाल्यावर ३० मिनिटांत सुरू, ४ तासांत संपवायचं. त्याच नळीतून डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) किंवा रिंगर (क्षारांचं सलाईन) नको. पिशवीत इंजेक्शन तर मुळीच नको.

फार पांढऱ्या पडलेल्या मुलाला घाईने रक्त देऊ नका, हृदयावर ताण येऊन धाप लागते. साधारण किलोमागे १० ते १५ मिली, तीन-चार तासांत. हिमोग्लोबिन अगदीच खाली असेल तर त्याहून कमी आणि सावकाश.

भारतात २०१२ पासून हिमोव्हिजिलन्स, म्हणजे रक्त चढवताना आलेल्या रिअ‍ॅक्शनची नोंद ठेवणारा कार्यक्रम आहे. रिअ‍ॅक्शनचा फॉर्म "किरकोळच होतं" म्हणून टाळू नका.

थॅलेसेमियाच्या (वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) मुलांच्या आईवडिलांना एक सांगतेच: घरी गेल्यावर दोन आठवड्यांत डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा मूल पुन्हा फिकं पडलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच या. डिस्चार्जच्या कागदावर हे मी पेनने लिहून देते, फोन नंबरसकट.