अग्निवीर भरतीचा अर्ज भरण्यापूर्वी

फौजेत जायचे ठरवलेल्या मुलाने आणि त्याच्या आईवडिलांनी अर्ज भरण्याआधी एकत्र बसून एक गोष्ट नीट समजून घ्यावी. सर्वसाधारण शिपायांची भरती आता अग्निपथ योजनेखाली होते आणि १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या या योजनेतील नेमणूक चार वर्षांची असते. सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतील कितीतरी घरांत आजोबा, वडील आणि चुलते फौजेत होते. अपशिंगे किंवा सैनिक टाकळीसारखी गावे तर फौजींची गावे म्हणूनच ओळखली जातात. या घरांमध्ये फौज म्हणजे पंधरा-सतरा वर्षांची नोकरी आणि त्यानंतर हयातभर पेन्शन, हे समीकरण इतके रुजलेले आहे की मुलगा आजही तेच गृहीत धरून मैदानात उतरतो. प्रत्यक्षात चार वर्षांनंतर गुणवत्तेनुसार तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांनाच पुढील किमान पंधरा वर्षांसाठी नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे. बाकीच्यांना पेन्शन किंवा ग्रॅच्युइटी मिळत नाही, आणि माजी सैनिकाचा दर्जाही मिळत नाही.

पैशांचा हिशेबही आधीच मांडावा. पहिल्या वर्षी महिन्याचे मानधन ३०,००० रुपये असले, तरी त्यातील ३० टक्के, म्हणजे ९,००० रुपये, सेवानिधीसाठी (चार वर्षांनंतर एकरकमी मिळणाऱ्या निधीसाठी) कापले जातात आणि हातात २१,००० रुपये येतात. चौथ्या वर्षी हेच आकडे ४०,००० आणि २८,००० होतात. नेमणुकीच्या ठिकाणाप्रमाणे काही भत्ते वेगळे मिळतात. कापलेल्या रकमेइतकीच भर सरकार घालते, आणि चार वर्षे पूर्ण झाल्यावर व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये करमुक्त मिळतात. मात्र स्वतःच्या विनंतीवरून मध्येच सेवा सोडल्यास सरकारचा वाटा मिळत नाही. सेवाकाळात ४८ लाखांचा विमा असतो व त्याचा हप्ता अग्निवीराला भरावा लागत नाही. सेवानिधीच्या भरवशावर आजच घर बांधायला काढणे किंवा बहिणीच्या लग्नासाठी कर्ज उचलणे मला योग्य वाटत नाही, कारण पंचविसाव्या वर्षाच्या आत परत आलेल्या मुलाला शिक्षणासाठी वा धंद्यासाठी हेच भांडवल लागणार आहे. दहावीवर भरती होणाऱ्याने सेवेत असतानाच मुक्त विद्यालयातून बारावी आणि मुक्त विद्यापीठातून पदवी कशी पूर्ण करता येईल, याची चौकशी आत्ताच करून ठेवावी. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी राखीव जागा जाहीर झालेल्या आहेत, पण तिथेही परीक्षा आणि स्पर्धा आहेच.

आता निवडीकडे वळू. जनरल ड्युटीसाठी, म्हणजे सर्वसाधारण शिपायाच्या पदासाठी, दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३ टक्के गुण लागतात. उमेदवार अविवाहित असावा लागतो. वयोमर्यादा योजनेत साडेसतरा ते २१ अशी ठरली. तरीही त्या वर्षीच्या जाहिरातीतील जन्मतारखा स्वतः तपासाव्यात, दुसऱ्याच्या सांगण्यावर राहू नये. महाराष्ट्रातील उमेदवारासाठी उंची १६८ सेंटीमीटर, तर छाती ७७ सेंटीमीटर असून ती ५ सेंटीमीटर फुगावी लागते. २०२३ पासून ऑनलाइन लेखी परीक्षा आधी आणि मैदानी चाचणी नंतर असा क्रम झाला आहे, आणि आपल्या मुलांची फसगत नेमकी इथेच होते. पहाटे चारला उठून वर्षभर धावलेला मुलगा गणित व सामान्य ज्ञानात मागे पडतो आणि त्याला मैदान बघायलाही मिळत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, म्हणून अंदाजाने उत्तर निवडण्याची सवय सरावातच मोडावी. रोज निदान दोन तास अभ्यासाला दिल्याशिवाय अकॅडमीची फी भरण्यात अर्थ नाही.

मैदानात १,६०० मीटर धावणे आणि बीमवर दहा पुलअप्स यांना गुण आहेत. नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे व नागमोडी पट्टीवर तोल सांभाळत चालणे यांत केवळ पात्र ठरावे लागते. धाव साडेपाच मिनिटांत संपवली तर पूर्ण ६० गुण मिळतात, म्हणून ध्येय तेच ठेवावे. दम वाढवण्यासाठी कुणी इंजेक्शन किंवा गोळी देऊ केली तर ती मुळीच घेऊ नये. उत्तेजक द्रव्य आढळल्यास उमेदवार बाद होतोच, शिवाय जिवालाही धोका असतो.

सर्वांत मोठी निराशा पदरी पडते ती वैद्यकीय तपासणीत. सपाट तळवे, गुडघ्याला गुडघा लागणे, रंग ओळखण्यातील दोष, कानातील मळ किंवा पडद्याचे छिद्र, फुगलेल्या शिरा, किडलेले दात ही अनफिट ठरण्याची नेहमीची कारणे आहेत, आणि यांतील काहींवर वेळेत उपचार करता येतात. तेव्हा तयारीची दोन वर्षे खर्च करण्यापूर्वीच एखाद्या चांगल्या डॉक्टरांकडून डोळे, कान, दात आणि पाय तपासून घ्यावेत. दोष कायमचा निघाला तर दुःख होईल, पण वय हाताशी असताना दुसरी वाट धरता येईल. गोंदवण्याची हौसही आवरावी. हाताच्या आतील बाजूला कोपर ते मनगट आणि तळहाताची मागची बाजू वगळता अन्यत्र कायमचे गोंदण सर्वसाधारणपणे चालत नाही. तपासणीत अनफिट ठरवल्यास लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मागता येते, मात्र दिलेल्या मुदतीतच तिथे हजर व्हावे लागते.

कागदपत्रांत दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव, वडिलांचे नाव व जन्मतारीख आधारकार्डाशी अक्षरशः जुळली पाहिजे. अधिवास, जात, वर्तन आणि अविवाहित असल्याचा दाखला भरती मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात मिळेल या भरवशावर राहू नये. अर्ज लष्कराच्या अधिकृत संकेतस्थळावरच आणि आपल्या जिल्ह्याच्या भरती कार्यालयासाठी भरावा. महाराष्ट्रात पुणे, मुंबई, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे ही कार्यालये असून गोव्यातील उमेदवार कोल्हापूरकडे येतात. परीक्षा शुल्काखेरीज भरतीसाठी कुणालाही एक रुपया द्यावा लागत नाही. 'साहेबांची ओळख आहे' असे सांगून लाखांची मागणी करणारा माणूस फसवतो आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही स्पष्ट सांगावे, आणि मूळ प्रमाणपत्रे तर अकॅडमीच्या चालकाकडेसुद्धा ठेवायला देऊ नयेत.