बेंडिंग प्रेस बनवताय? आधी डायचं तोंड ठरवा
बॉटल जॅकवर (गाडी उचलायचा बाटलीसारखा उभा हायड्रॉलिक जॅक) लोखंडी पट्टी वाकवायची प्रेस बनवताना सगळं लक्ष जॅक किती टनांचा यावर जातं. माझ्या मते त्याआधी खालच्या डायचं, म्हणजे ज्या खाचेवर पट्टी टेकवून वाकवतात तिचं, तोंड (वरची रुंदी) ठरवावं. माइल्ड स्टीलला ते जाडीच्या साधारण ८ पट हवं, म्हणजे ३ मिमी पट्टीला २४ मिमी. तोंड अरुंद असेल तर जोर जास्त लागतो आणि वाकाच्या बाहेरच्या बाजूला तडे जाऊ शकतात. त्याच डायवर जाडी दुप्पट झाली की जोर चौपट लागतो.

L आकाराच्या लोखंडी अँगलचा तुकडा डाय म्हणून लावायचा मोह होतो, पण तो नेमका ९० अंशांचा. पट्टी सोडल्यावर एक-दोन अंश परत उघडते, म्हणून ती थोडी जास्तच वाकवावी लागते आणि अँगलमध्ये तेवढी जागा नसते. त्यापेक्षा दोन जाड पट्ट्या समांतर उभ्या वेल्ड करा, वरच्या आतल्या कडा गोलसर घासा आणि मध्ये खोल पोकळी सोडा.

जॅक उभाच ठेवा. आडवा किंवा उलटा केला की बहुतेक जॅक दाब देत नाहीत. जॅक ज्याला वर ढकलतो तो सरकता टेबल परत खाली खेचायला दोन्ही बाजूंना स्प्रिंग लावा. आणि गॉगल घातल्याशिवाय जॅकचा दांडा मारू नका, कृपा करून.