दोन क्लासमधला सारखा कोड एकत्र करताना

आधी टेस्ट लिहा. दोन्ही क्लास आज जे उत्तर देतात, ते तसंच्या तसं टेस्टमध्ये पकडून ठेवा, मगच कोडला हात लावा.

समजा, पीडीएफ आणि एक्सेल रिपोर्टच्या क्लासमध्ये बेरजेचं तेच लूप आहे, पण एकीकडे रक्कम प्रत्येक ओळीला राउंड होते आणि दुसरीकडे शेवटी एकदाच. 10.004 च्या तीन ओळी घ्या: दोन दशांशांपर्यंत पहिली पद्धत 30.00 देते, दुसरी 30.01. हा फरक मुद्दाम ठेवलाय की चूक आहे, हे विचारल्याशिवाय एकत्र करू नका. नेमकं इथेच बहुतेकांचं बिघडतं.

उत्तर मिळालं की सारखा भाग दोन्हीकडे एकाच नावाच्या मेथडमध्ये काढा, टेस्ट चालवा, कमिट करा. मग ती मेथड एका जागी हलवा. फक्त बेरीजच सामाईक असेल तर पॅरेंट क्लास (ज्याच्याकडून दोन्ही क्लास वारशाने कोड घेतात) कशाला? वेगळा छोटा क्लास करून त्याचा ऑब्जेक्ट दोन्ही रिपोर्ट क्लासना कन्स्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडमधून) द्या. पॅरेंट क्लास केलाच, तर त्याच्या कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड होणारी (म्हणजे चाइल्ड क्लास आपल्या पद्धतीने पुन्हा लिहितो ती) मेथड बोलावू नका. जावामध्ये तेव्हा चाइल्डच्या फील्डना सहसा किंमत मिळालेली नसते आणि हातात नल (रिकामी किंमत) किंवा शून्य येतं.