वेलनेसच्या नोकरीत नव्यानं येताय? आधी गेटवरची यादी मागा

वेलफेअर ऑफिसर म्हणा किंवा हल्लीच्या भाषेत वेलनेस को-ऑर्डिनेटर, रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात एचआरकडून एक एक्सेल येतं. कर्मचारी क्रमांक, नाव, विभाग, वय, रक्तगट. साहेब सांगतात, "यातल्या जास्तीत जास्त लोकांची तपासणी करून घ्या, 21 जूनला योगदिन करा, एखादं स्टेप चॅलेंज ठेवा, तिमाहीला प्रेझेंटेशन द्या." तुम्ही नुकतंच एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा लेबर वेलफेअरचा डिप्लोमा करून आलेले, त्यामुळे जोमानं कामाला लागता. त्या एक्सेलमध्ये कोण नाही, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. भोसरी-चाकण पट्ट्यात बरीच वर्षं काढूनही मला ते दर वेळी मुद्दाम आठवून विचारावं लागतं.

शिबिर कसं लावायचं, रक्तदाब-साखरेचे आकडे कसे वाचायचे, हे तुम्हाला येतं असं धरते. एकाच गोष्टीवर लांबण लावणार आहे, कारण जवळपास सगळे तिथेच अडकतात आणि मीही अडकले होते. टक्केवारीतला छेद.

समजा, कारखान्यात 200 स्टाफ, 300 पर्मनंट कामगार आणि 700 कंत्राटी व ट्रेनी. शिबिराला स्टाफपैकी 170 आले, पर्मनंटपैकी 180, कंत्राटीपैकी 50. एकूण 400. अहवाल करताना अंशात हे सगळे 400 येतात, कारण शिबिर लावणाऱ्या वेंडरचं बिल डोक्यांवर असतं आणि त्याला प्रत्येक डोकं मोजायचं असतं. छेदात मात्र एचआरच्या एक्सेलमधले 500 च येतात, कारण कंत्राटी माणसं ठेकेदाराच्या मस्टरवर असतात; ती सापडतात गेटवरच्या नोंदीत. 400 भागिले 500, म्हणजे 80 टक्के. मीटिंगमध्ये टाळ्या. खरा हिशेब 400 भागिले 1,200, म्हणजे 33 टक्के. आणि गट फोडून पाहिलेत तर स्टाफ 85, पर्मनंट 60, कंत्राटी 7.

हे वाचून मान डोलावणारी मंडळीच पुढच्या तिमाहीत 80 टक्क्यांची स्लाइड दाखवतात, म्हणून पुन्हा सांगते. खोटं कुणी बोललेलं नसतं. वेंडरचा आकडा बरोबर, एचआरची यादी बरोबर. दोन बरोबर गोष्टींचा भागाकार चुकीचा. आणि तो नेमका त्यांना अदृश्य करतो ज्यांचा पगार सर्वांत कमी, काम सर्वांत जड आणि खोली सर्वांत कोंदट.

दुसऱ्या वर्षी हा सापळा आणखी गोड होतो. सरासरी रक्तदाब खाली आलेला दिसतो. साहेब खूश, तुमचं अप्रेझल बरं. पण मधल्या काळात ज्याचं बीपी वाढलं होतं त्याचा गेट पास नवा झालाच नाही, ज्याची कंबर गेली तो गावी परतला, आणि त्यांच्या जागी विशीतली ताजी पोरं आली. साथरोगशास्त्रात (एपिडेमिऑलॉजीत) याला 'हेल्दी वर्कर इफेक्ट' म्हणतात. परीक्षेत दोन मार्कांना येतो, कारखान्यात तो बोनस मिळवून देतो. म्हणून तुलना करायची तर त्याच माणसांची करा, आणि सोडून गेलेले किती, कोणत्या लाइनवरचे, हा रकाना न चुकता ठेवा.

कायदा मात्र या माणसांना कधीच विसरलेला नव्हता. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्यातली 'कामगार' ही व्याख्या वाचा. ठेकेदारामार्फत आलेला माणूसही त्यात येत असे, मूळ मालकाला त्याची माहिती असो वा नसो. 2020 च्या नव्या व्यावसायिक सुरक्षा-आरोग्य संहितेत कॅन्टीनसाठी कामगारसंख्येची मर्यादा 250 वरून 100 वर आली, आणि तिथे कंत्राटी कामगार धरून मोजायचं असं स्पष्ट लिहिलंय. कॅन्टीनसाठी मोजता येतात, तर रक्तदाबासाठी का येत नाहीत? हा प्रश्न मीटिंगमध्ये जरा नरमाईनं विचारा. मी तावातावानं विचारला होता, त्याचा उपयोग झाला नाही.

आता, ते 7 टक्केच का येतात? "त्यांना आरोग्याची जाणीव नाही" असं सांगणारा कुणी ना कुणी भेटेलच. त्याच्याशी वाद घालत बसू नका, शिबिराची वेळ बघा. सकाळी 11 ते 1. त्या वेळी लाइन चालू असते आणि रिलिव्हर, म्हणजे तेवढ्यापुरता आपल्या जागी उभा राहणारा, मिळत नाही. थर्ड शिफ्टवाला नुकताच झोपलेला असतो. साखर उपाशीपोटी तपासायची असा बोर्ड लावलेला, आणि ज्यानं रात्री 2 वाजता डबा खाल्लाय त्याचं उपाशीपोट कोणतं धरायचं हे टेक्निशियनलाही ठाऊक नसतं. रजिस्ट्रेशन ॲपवर, आणि मोबाइल तर गेटवर लॉकरमध्ये. शिबिरासाठी थांबलं तर कंपनीची बस चुकते. सुट्टी घेऊन यावं तर खाडा पडतो. या सगळ्याच्या वर एक भीती, जी कुणी बोलून दाखवत नाही: रिपोर्टमध्ये काही निघालं तर ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणेल.

ती भीती खरी आहे. म्हणून इथे सरळ ताकीद देते. नावानिशी रिपोर्टची यादी एचआरला, सुपरवायझरला किंवा ठेकेदाराला देऊ नका. "फक्त माहितीसाठी" मागितली तरी नाही. गटाचे आकडे द्या, आणि गट चार-पाच माणसांचाच असेल तर तेही नको, कारण लाइनवर सगळ्यांना सगळं ओळखू येतं. दुसरं, पुढच्या उपचाराची सोय ठरल्याशिवाय तपासणी करू नका. साखर 280 निघाली एवढं सांगून हातात कागद देणं म्हणजे माणसाची झोप उडवून आपण घरी जाणं.

घाबरून मात्र जाऊ नका. एवढं सांभाळलंत तर निम्मं काम झालंच. शिबिर पाळी बदलायच्या वेळी, बस अर्धा तास उशिरा, तो अर्धा तास पगारी, आणि खाडा लावणार नाही असं ठेकेदाराकडून लेखी. माझ्या अनुभवात याहून जास्त फरक कशानंच पडलेला नाही. पोस्टर, बक्षीस, टी-शर्ट, कशानंच नाही.

पोस्टरांवरून आठवलं. 'दिवसाला आठ ग्लास पाणी प्या' हे पोस्टर मी असेंब्लीच्या भिंतीवर पाहिलंय, आणि त्याच भिंतीखाली बसणाऱ्या बायका पाळीभर पाणी पीत नव्हत्या, कारण बाथरूमला जायचं तर रिलिव्हर हवा आणि रिलिव्हर एकच. लघवीच्या जंतुसंसर्गावरचं व्याख्यान त्यांना कशाला? दुसरा रिलिव्हर द्या. स्टेप चॅलेंजचंही तसंच. स्टोअरचा हेल्पर दिवसभर ट्रॉली ढकलतो, त्याला पावलं नकोत, टेकायला स्टूल हवं. उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय हवी, हे त्या 1948 च्या कायद्यातही होतं. आणि तंबाखू. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्याही आत होते, पण तोंडात तंबाखू ठेवणारे जवळपास एक चतुर्थांश. आपण मात्र सिगारेटचं चित्र असलेलं पोस्टर लावतो. थर्ड शिफ्टला पहाटे 4 वाजता झोप आणि भूक दोन्ही मारायला पोरं गायछाप मळतात, हे ज्याला माहीत आहे तो आधी त्या वेळी चहा-नाश्ता सुरू करून घेईल आणि मग समुपदेशनाचं बोलेल.

कॉलेजात व्हाइटहॉल हा ब्रिटिश आरोग्य-अभ्यास शिकवतात आणि आपण परीक्षेपुरतं वाचून सोडून देतो. 1967 मध्ये लंडनमधल्या सुमारे 18,000 पुरुष सरकारी नोकरांपासून तो सुरू झाला. सगळे पक्क्या नोकरीतले, उपाशी कुणी नाही. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांमध्ये हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण वरच्या साहेबांच्या तुलनेत तिपटीहून जास्त निघालं, आणि सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केल्यावरही बराचसा फरक उरलाच. पुढे 1985 मध्ये मायकेल मार्मट यांनी दुसरा अभ्यास सुरू केला, त्यात 10,000 हून जास्त स्त्री-पुरुष. स्वतःच्या कामावर ज्यांचा ताबा कमी, त्यांना हृदयविकार जास्त. बाथरूमला जायची परवानगी मागावी लागणं हा त्या 'ताब्या'चाच भाग आहे. तो बदलायचा तर प्रॉडक्शनवाल्यांशी बोलावं लागतं, आणि तिथे वेलनेसवाल्याला कुणी खुर्ची देत नाही. ती मिळवायला वेळ लागेल.

वेंडरनं "आमच्या कार्यक्रमानं आजारपण घटतं" असा आलेख दाखवला तर विचारा, भाग घेणारे आणि न घेणारे अशीच तुलना आहे का? अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठानं स्वतःच्याच कर्मचाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडले आणि असा कार्यक्रम तपासला. भाग घेणाऱ्यांचा औषधोपचाराचा खर्च कार्यक्रमाआधीपासूनच कमी होता. चिठ्ठीनं पडलेले गट ताडून पाहिले तेव्हा खर्चातला तो फरक दिसेनासा झाला. 2019 मध्ये एका मोठ्या घाऊक विक्री साखळीतल्या सुमारे 33,000 कर्मचाऱ्यांवरच्या अभ्यासातही दीड वर्षानं लोक व्यायाम जास्त करतो म्हणाले, पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, रजा, खर्च जिथल्या तिथेच. हे ऐकून आपली नोकरीच फुकट आहे असं वाटून घेऊ नका. मला काही महिने तसं वाटलं होतं. या अभ्यासांत तपासलेले कार्यक्रम मुख्यतः माणसाच्या सवयी बदलू पाहणारे होते. काम तसंच ठेवून सवयी बदलत नाहीत, एवढाच धडा मी त्यातून घेतला.

गुरू कुणाला करायचं? माझं मत एकांगी आहे, तरी सांगते. ऑनलाइन वेलनेस सर्टिफिकेटांवर पैसे घालू नका. ओएचसीमधल्या, म्हणजे कारखान्यातल्या दवाखान्यातल्या, जुन्या सिस्टरजवळ बसा आणि गोळ्यांचं रजिस्टर चाळा. डायक्लोफेनॅक ही अंगदुखीची गोळी कोणत्या लाइनवर जास्त जाते, ॲसिडिटीची गोळी कोणत्या पाळीत, डोकेदुखीवाले कोणत्या शेडमधले. कोणत्याही सर्व्हे फॉर्मपेक्षा ते रजिस्टर खरं बोलतं, आणि कंत्राटी माणूस शिबिराला आला नाही तरी गोळीला येतो. दुसरा गुरू टाइम ऑफिसचा क्लार्क. कोण किती ओटी (ओव्हरटाइम) करतो आणि कुणाला सहा महिन्यांनी नोकरीत ब्रेक दिला, हे त्याला पाठ असतं.

"लोकांना वेळ देणं हे काही वेलनेस नव्हे" असं मला एका मॅनेजरनं ऐकवलं होतं. त्यांना मी नारायण मेघाजी लोखंडे सांगितले. 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीनं त्यांनी मागितलं काय? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास, वेळेवर पगार, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन. रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली. मॅनेजर हसले, पण दुपारच्या ब्रेकमधली पाच मिनिटं परत मिळाली.

ईएसआयसीकडे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याकडे, वेलनेसवाले बघतच नाहीत, आणि मला हे सर्वांत खटकतं. महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. ही मर्यादा बघताना ओटी धरत नाहीत, वर्गणी कापताना मात्र जुन्या ईएसआय कायद्यात धरायचे. ओटीमुळे 21,000 ओलांडले म्हणून कुणाला वगळलं असेल तर ते चूक आहे. आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के मिळतात, पण त्यासाठी एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. ठेकेदार बदलला, मध्ये ब्रेक पडला की हे 78 दिवस हुकतात, आणि माणसाला ते ॲडमिट झाल्यावर कळतं. कित्येकांना आपला विमा क्रमांकही माहीत नसतो. मागच्या महिन्याची वर्गणी 15 तारखेपर्यंत भरायची असते, म्हणून 16 ला ठेकेदाराकडून चलन आणि त्यासोबतची नावांची यादी मागा आणि सिक्युरिटीच्या गेट एंट्रीशी एकेक नाव ताडून बघा. पहिल्यांदा ठेकेदार टाळाटाळ करेल, दुसऱ्यांदा अर्धवट यादी देईल. तिसऱ्यांदा परचेसच्या माणसाला सोबत न्या, कारण ठेकेदाराचं बिल त्याच्या सहीनं पास होतं.